साडूची माशी

मशीन थांबव जरा मास्तर. ती कात्री ठेव खाली, टेप राहू दे गळ्यात, आणि ऐक. एक गोष्ट सांगतो. माशीची आहे. म्हणजे तिळाएवढ्या माशीची, पण तिच्यात माझी जी काही अब्रू आहे ती सगळी येऊन अडकलीये. हसू नकोस. हसायचंच असेल तर सगळं ऐकून हस. मधेच हसलास तर मी उठून जाईन, मग तुझ्या दुकानामागचा नळ वर्षभर टिपटिप करत बसेल.

तुला ठाऊकच आहे, सदतीस वर्षं मी नळ आणि मोऱ्या केल्या. मग गुडघा गेला आणि घरी बसलो. आता माझ्यासारखा माणूस घरी बसला की घरच्यांना ताप. सारखं 'हा दरवाजा का वाजतो', 'ही वाटी इथं कोणी ठेवली'. शेवटी मुलगी वैतागली आणि फोनवर एक पान काढून दिलं. "बाबा, इथं लोक किड्यांचे फोटो टाकतात आणि विचारतात हे काय आहे. तुम्ही नुसतं बघत बसा." तिला वाटलं, म्हातारा फुलपाखरं बघेल आणि आईच्या डोक्याची कटकट कमी होईल.

पण फुलपाखराला काय, एक टाकलं की दहा जण नाव सांगायला धावतात. बारीक माशी टाकली की कोणी ढुंकून बघत नाही. 'काहीतरी माशी' एवढं लिहून ढिगात टाकलेली. आणि फोटो तरी कसले! फरशीवर एक ठिपका, तोही हललेला, मधे फ्लॅशचा गोळा. एकाने तर खरकट्या वाटीचा फोटो टाकलेला. माशी कुठंय? तर वाटीच्या कडेला, अर्धी.

पण मास्तर, मला त्या ठिपक्यांमधे ओळखीचे चेहरे दिसायला लागले. मोरीच्या जाळीवर पंख पानासारखे पसरून बसते ती केसाळ माशी, धक्का दिला तर उडायचंही तिच्या जिवावर येतं. पाठीला कुबड असलेली ती, दोन पावलं पळते, थांबते, परत पळते. पिकल्या फळावरचं लाल डोळ्यांचं चिलट. कुंडीच्या मातीतलं लांब तंगड्यांचं काळं घुंगुरटं. अरे, ह्यांच्यासोबत जन्म काढलाय मी! तोंडात गेल्यात, कानात गेल्यात. त्यांची मोठमोठी नावं मला म्हणता येत नाहीत, चौथीत शाळा सुटली माझी. पण वहीत उतरवून ठेवली होती, अक्षराला अक्षर बघून टाकायचो.

त्या पानाची रीत अशी. एकाने नाव दिलं तरी फोटो ढिगातच राहतो. दुसऱ्या कोणी 'बरोबर' म्हणून बोट लावलं की तो पक्का होतो आणि ढिगातून निघून जातो. मग त्याच्याकडे पुन्हा कोणी बघत नाही. पक्का झालेला फोटो परत ढिगात आणायचा तर दोन वेगळ्या माणसांनी 'नाही' म्हणावं लागतं. आणि जे ढिगात असतं ते दर रविवारी एक बाई बघतात. त्यांनी आख्खं आयुष्य भिंगाखाली माश्या बघण्यात घालवलंय. आम्ही सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतो. त्यांच्या नावाखाली लिहिलेलंच आहे, खासगीत निरोप पाठवू नका, वाचणार नाही, ढिगातून या.

तर ह्या बाईंनी एकदा मी नाव दिलेल्या फोटोखाली लिहिलं, 'तुमची नजर चांगली आहे.' चार शब्द. मी वर्षभर त्यावर जगलो म्हण ना. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "मग छताच्या कोपऱ्यातलं जाळं का दिसत नाही ह्या नजरेला?"

असो. बारीक माश्यांच्या यादीत माझा नंबर पहिला झाला. अकरा हजार माश्यांना नावं दिली मी. पहिला नंबर, मास्तर! शाळेत कधी शेवटून दुसरासुद्धा आलो नव्हतो.

आता साडू. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. ऑफिसात कागद सांभाळायचा, रिटायर झाला. घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट. बोलणं इतकं हळू की कान पुढे करावा लागतो. सासूबाई होत्या तोवर येता-जाता ऐकवायच्या, "धाकटे जावई किती हळू बोलतात." मी मोरीत डोकं घालून खालच्या मजल्यावरच्या माणसाशी बोलणारा, मी काय हळू बोलणार? तो आला की बायकोचा आवाज बदलतो, ठेवणीतली भांडी निघतात. वाईट काही केलेलं नाही त्याने कधी माझं. तेच तर दुखणं आहे. वाईट केलं असतं तर भांडून मोकळा झालो असतो.

आणि त्याला त्या पानावर आणला कोणी? मीच! का, तर त्याने माझा पहिला नंबर बघावा. दुसरं काही कारण नाही. त्याने बघितलं, म्हणाला, "वा दादा! मी पण करू का?" मी म्हटलं, "करा की." मला वाटलं, हा फोटो टाकेल, मला विचारेल, मी सांगेन. बरं दिसेल चारचौघांत.

ह्या बाबाने काय करावं? जुन्या कॅमेऱ्याची काच काढली, उलटी केली आणि चिकटपट्टीने फोनला बसवली. पहिला फोटो टाकला तो बघून मी खुर्चीत सरळच झालो. माशीच्या पायावरचे काटे दिसत होते. डोळ्यातले खण दिसत होते. मी दोन वर्षं ठिपक्यांमधे चाचपडत होतो आणि इथं माशी आरशासमोर बसल्यासारखी बसलेली.

रविवारी बाईंनी त्याच्या फोटोखाली लिहिलं. 'फार सुंदर फोटो. पायाचे काटे मोजता येतात. असेच बाजूने, वरून आणि समोरून काढत राहा. तुमच्या फोटोंमुळे माझं काम सोपं होतं.'

वीस शब्द. हो, मोजले मी. चहा गार झाला, पण मोजले. मला चार आणि ह्याला वीस!

नळाचा आटा वाकडा चढला की कसा करकरतो? तसं व्हायला लागलं पोटात. पुढे फिरवावं तर फिरत नाही, मागे घ्यावं तर निघत नाही. सकाळी उठलो की आधी त्याचं पान उघडायचो. नवीन काही टाकलं नसलं की दिवस बरा जायचा. टाकलं असलं की मी त्यात खोट शोधायचो. एकदा सापडली, फोटोच्या कोपऱ्यात त्याच्या बनियनची बाही आली होती. दोन दिवस खूश होतो.

एकदा जेवायला त्यांच्याकडे गेलो. बायको सगळ्यांदेखत म्हणते, "धाकटीचे हे किती नीट काढतात. तुमच्या फोटोत माशी कुठली आणि तुमचा अंगठा कुठला ते कळत नाही." सगळे हसले. साडू तेवढा हसला नाही, म्हणाला, "पण नाव तर दादाच सांगतात ना." म्हणजे चांगुलपणातही पुढे! तेवढ्यात मेव्हणी म्हणाली, "भाऊजी, आमच्या बाथरूमच्या बेसिनमागे भिंत पाझरतेय, कधी बघाल?" म्हटलं, "बघतो की." चार महिने मी हेच म्हणत होतो. मनात आलं, त्यालाच सांग ना, फोटो काढेल.

आणि मग त्या मंगळवारी त्याने चार फोटो टाकले. त्याच बेसिनमागच्या ओलीवर बसलेली केसाळ माशी. खाली लिहिलेलं, 'नेहमीची वाटत नाही. दादा, बघाल का?'

बघितलं. पहिल्या दोन फोटोंत काही खास नव्हतं. तिसऱ्यात डाव्या पंखावरचे केस झडलेले, त्यामुळे पंखातल्या शिरा उघड्या पडलेल्या. पंखात दोन शिरांना फाटे फुटतात, इंग्रजी वायसारखे. आपल्या मोरीतल्या माशीचा एक फाटा पुढे असतो, एक मागे. अकरा हजारांतल्या चार हजार तरी तीच असेल, कधी त्यात बदल बघितला नाही. आणि हिचे दोन्ही फाटे एका रेषेत. पट्टी ठेवून आखल्यासारखे.

मास्तर, मला कळलं होतं. हे नीट ऐक. माझ्या नजरेतून चुकून सुटलं असं नाही. बघता क्षणी कळलं की ही वेगळी आहे, मी कुठंच बघितलेली नाही, कदाचित कोणीच बघितलेली नाही. आणि पुढचं सगळंही कळलं. रविवारी बाई बघणार. हातातलं सोडून त्याला लिहिणार. आणि नवी निघाली तर शोधणारा म्हणून त्याचं नाव कायमचं तिच्यापुढे लागणार. सदतीस वर्षं मोऱ्यांमधे हात घातले मी, आणि मोरीच्या माशीवर नाव कोणाचं? त्या इस्त्रीच्या शर्टाचं?

मी वही उघडली. नेहमीच्या मोरीमाशीचं नाव अक्षराला अक्षर बघून टाकलं. वर लिहिलं, 'केस झडल्यामुळे वेगळी वाटते.' थाप पटण्यासारखी होती, कारण जुन्या झाल्या की झडतातच त्यांचे केस.

मला वाटलं होतं, कोणीतरी चार दिवसांनी येईल, 'बरोबर' म्हणेल किंवा नाही म्हणेल, जे होईल ते होईल. दोन मिनिटं झाली नसतील, 'बरोबर'चं बोट पडलं. कोणाचं असेल? त्याचंच! स्वतःच्या माशीवर स्वतःच माती टाकली त्याने. खाली लिहिलं, 'दादांनी सांगितलं म्हणजे तीच. आभार.' फोटो पक्का झाला, ढिगातून गेला.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. संध्याकाळचा चहा गोड लागला.

शनिवारी त्याचा फोन. "दादा, माशी साधीच आहे तर आता ती भिंत उघडूनच टाका. ही कधीची मागे लागलीये, वास येतो म्हणून. मीच थांबवून ठेवलं होतं, म्हटलं आधी दादांना माशी दाखवू."

म्हणजे बघ. बायकोची बोलणी खाऊन त्याने ती ओल जपली होती. मी तेव्हाच म्हणू शकलो असतो की आठ दिवस थांबा. तसं काही बोललो नाही. पिशवी उचलली आणि गेलो. का गेलो? त्याच्या बाथरूममधे मोठा मीच होतो म्हणून. तिथं काचबिच चालत नाही, पाना चालतो.

बेसिन काढलं, चार फरशा फोडल्या. मागे पाइपच्या वळणाचा एल्बो चिरलेला आणि त्याच्याखाली काळा बुळबुळीत गाळ साचलेला. गाळात दोऱ्यासारख्या बारीक अळ्या वळवळत होत्या आणि वर भिंतीला आठ-दहा माश्या पंख पसरून चिकटलेल्या. गपचूप. साडू बॅटरी धरून उभा. आज हातात काच नाही, काही नाही. म्हणाला, "पुसू का दादा?"

मी म्हटलं, "पुसा."

त्याने फडक्याने पुसल्या. मी गाळ खरवडून काढला, उकळतं पाणी ओतलं, नवा एल्बो बसवला. एक थेंब गळत नव्हता. आयुष्यात इतकं चोख काम मी केलं नसेल.

हात धुताना तो माझ्या शेजारी उभा होता. नेहमीसारखा हळू बोलला. "खरं सांगू दादा? ऑफिसात पस्तीस वर्षं मी दुसऱ्याने आणलेल्या कागदावर शिक्का मारला. ही एक गोष्ट मी स्वतःहून शोधायला निघालो होतो. साधी निघाली. चालायचंच." आणि मला टॉवेल दिला. धुतलेला, घडी घातलेला.

घरी आलो तर जेवण जाईना. बायको म्हणाली, "काय झालं? त्यांनी तुमच्यापेक्षा चांगला नळ बसवला का?" ओळखून असते ती मला. मग सांगितलं सगळं. तिने हातातला डाव खाली ठेवला. मग म्हणाली, "पुसल्या?"

"त्यांनीच पुसल्या."

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

तिने माझं ताट उचललं आणि आत गेली. आतून आवाज आला, "सकाळी जाऊन सांगा त्यांना. आणि अंघोळ करून जा, माणसासारखे."

गेलो. आधी बाथरूममधे डोकावलो, एखादी राहिली असेल म्हणून. सुपारीसारखी खडखडीत भिंत. मग त्याच्या समोर बसलो आणि म्हटलं, "ती माशी साधी नव्हती. मला माहीत होतं. मी मुद्दाम खोटं लिहिलं."

तर तो हसला! "दादा, तुम्हीसुद्धा ना! हिने ताईंना सांगितलं असणार, हे हिरमुसलेत म्हणून. माझी समजूत काढायला आलात."

"अहो, समजूत नाही. मी जळत होतो तुमच्यावर."

"माझ्यावर? काय बघून?" आणि आतल्या खोलीकडे तोंड करून, "अगं ऐकलंस का, दादा काय म्हणतायत!" परत माझ्याकडे वळून, "एक वेळ चूक होईल दादा तुमच्या हातून. पण मुद्दाम खोटं? तुम्ही? सोडा हो. चहा घ्या."

मास्तर, माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कोणाला वाटलं नव्हतं, आणि मला त्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटत होती. बघ ना, खरं बोलायला मी गेलो आणि मोठ्या मनाचा कोण ठरला? परत तोच! मी म्हटलं, निदान तुमचं 'बरोबर' तरी काढा. तर म्हणे, "तुमच्या नावाला मी 'नाही' म्हणू? शोभतं का ते?" हात जोडले, तरी ऐकेना.

घरी येऊन मी माझं नाव काढलं. तिथं 'नाही'चं बोट लावलं आणि लिहिलं, 'मोरीतली नाही. तिसरा फोटो, डावा पंख, दोन्ही फाटे एका रेषेत.' पण रीत सांगितली ना तुला, दोघं लागतात. मी एक झालो. बाईंना खासगीत लिहिता येत नाही. मुलगी म्हणाली, "आणा बाबा फोन, दाबते मी." मी विचारलं, "बघितलास का फोटो?" तर म्हणाली, "तुम्ही सांगताय ना?" फोन काढून घेतला तिच्या हातातून. असंच तर झालं होतं पहिल्यांदा. मी सांगितलं आणि दुसऱ्याने दाबलं.

आता एकच आशा आहे. ती भिंत शेजाऱ्याची आणि साडूची मिळून एक आहे. पलीकडच्या बाजूला अजून ओल आहे, कुजकट वास येतो, म्हणजे एखादी-दुसरी तिकडे असेल. शेजारी माझ्यामागे लागलाय की येऊन दुरुस्त करा. मी त्याला म्हटलंय, बघतो की. पण तो काही माझ्या साडूसारखा गरीब नाही, दुसरा कोणीतरी आणेल. म्हणजे दिवस थोडे आहेत. बाईंनी फोटो बघितला तर त्या स्वतःच शेजाऱ्याला सांगतील, हात लावू नका म्हणून. आठवडा गेला, आज परत शनिवार. उद्या बाई येतात.

अजून दुखतं पोटात. तुझ्यापाशी काय लपवू. नवी निघाली तर त्याचं नाव लागेल आणि आमच्या घरात जन्मभर तेच ऐकावं लागेल. माझ्या मनाचा एक कोपरा अजून म्हणतोय, मास्तरला नीट दिसू नये. म्हणून तर तुझ्याकडे आलो. तू दिवसभर कापडाचा उभा-आडवा धागा बघणारा माणूस, पट्टी सरळ की वाकडी तुला लांबून कळते, आणि माश्यांशी तुझं देणंघेणं नाही.

हा घे फोन. खातं मुलीने तुझ्या नावाचं काढून दिलंय, रागवू नकोस. तिसरा फोटो मोठा कर. डावा पंख, इथं केस झडलेत. दोन फाटे शोध. एका रेषेत आहेत की पुढेमागे, ते तूच ठरव. मला विचारू नकोस, माझ्या तोंडाकडेही बघू नकोस. चष्मा पूस, वेळ घे, आणि तुला जे दिसेल त्यावरच बोट लाव.